हललेली काच

नांदेडात वजिराबादेच्या वळणावर रेणुकादास कंधारकरांचं फोटोचं दुकान होतं. माडीवर काचेच्या छताची खोली, तिथे फोटो निघत. खाली मागच्या अंगाला अंधारी खोली, तिथे काचा धुतल्या जात. आणि जिन्याखाली, उत्तरेच्या खिडकीशी, त्यांची बायको सरोजिनी बसून काम करी. तिचं काम फार बारीक होतं. त्या काळी फोटो आधी काचेवर उतरे, तोही उलटा, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. ती काच तिरक्या चौकटीत उभी करायची, खालून आरशाने उजेड पाडायचा, आणि सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल घेऊन कुठे तालुकदारसाहेबांच्या गालावरचे देवीचे व्रण बुजवायचे, कुठे नव्या नवरीच्या डोळ्यांखालचं काळं काढायचं. याला रिटचिंग म्हणत. लातूरच्या एका शाळामास्तरांची ही लेक लग्न होऊन नांदेडला आली तेव्हा तिला पेन्सिलीचा एकच उपयोग ठाऊक होता, वहीत कविता लिहिण्याचा. दुसरा नवऱ्याने शिकवला. दोन्हींत तिचा हात चांगला बसला होता, आणि दोन्हींचं तिला मनातून थोडं कौतुकही होतं.

१९४८ सालचा वैशाख होता. निजामाचं राज्य अजून चालू होतं, पण ते उद्या असेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रझाकारांच्या मोटारी रस्त्याने फिरत. भोकरकडून, देगलूरकडून गावं जाळल्याच्या बातम्या येत, आणि गावंच्या गावं गुरंढोरं घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात निघून जात. तिथे निजामाविरुद्धच्या लढ्याचा कॅम्प होता. त्या कॅम्पातले वसंतराव नावाचे वकील, कोर्ट सोडून चळवळीत पडलेले, एक दिवस डोक्याला मळकट पटका बांधून दुकानात आले. देवणीच्या बैलांचे व्यापारी म्हणून ते सरहद्दीच्या अलीकडे फिरत.

"आम्ही लिहितो, छापतो," ते रेणुकादासांना म्हणाले, "पण हैदराबादचा रेडिओ रोज सांगतो की असं काही घडलेलंच नाही. मुंबई-नागपूरचे लोकही म्हणतात, पुरावा द्या. फोटो पाहिजे, रेणुकादास. एक जरी चांगला मिळाला तरी हजार पत्रकांचं काम होईल."

रेणुकादास भित्रे नव्हते, पण अशा कामाची सवय नव्हती. तरी ते गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना भोकरला लग्नाचे फोटो काढायला चाललो म्हणून सांगितलं. कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिपाड आणि चार काचा कडब्याच्या पेंढ्यांत दडवून बैलगाडीने ते बोरखडी नावाच्या गावी पोचले. गाव आदल्या संध्याकाळी जाळलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी परत आले ते कुणाशी बोललेच नाहीत. अंघोळ केली, दोन घास खाल्ले न खाल्ले आणि अंधाऱ्या खोलीत शिरले. दुपारी बाहेर येऊन त्यांनी एक काच सरोजिनीच्या चौकटीत ठेवली.

"ही बघ. हिला पेन्सिल लावू नकोस. आहे तशीच छापायची."

लिंबाचं झाड होतं. त्याची एक बाजू होरपळलेली. मागे छप्पर गेलेली भिंत, तिच्यातून धूर. आणि झाडाखाली एक म्हातारा आडवा पडलेला, पागोटं सुटून लांबवर गेलेलं, तोंड अर्धं मातीकडे, एक हात डोक्याशी, तळवा जमिनीला टेकलेला. धोतरावर मोठा डाग होता. काचेवर तो पांढरा दिसत होता. सरोजिनीला तो डाग आहे हे कळायला क्षणभर लागलं, आणि कळल्यावर तिने चौकटीवरचे हात मागे घेतले.

"गावात कुणी राहिलं नव्हतं," रेणुकादास म्हणाले. "सगळे पळाले होते. हा एकटाच होता."

वसंतराव फोटो न्यायला आले तेव्हा तो हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग सरोजिनीकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही लिहिता ना? याच्याखाली चार ओळी द्या. नुसतं चित्र लोक बघतात आणि पान उलटतात. कविता असली की पाठ होते."

सरोजिनीने त्या दुपारी एका बैठकीत कविता लिहिली. इतकी सहज तिला पूर्वी कधी सुचली नव्हती. फोटो समोर ठेवला होता, आणि ओळी जणू त्या मातीतूनच वर येत होत्या.

*लिंबाच्या सावलीत निजला बाप,*
*ओठांत ना हाक, ओठांत ना शाप;*
*मातीच्या उशीला टेकला माथा,*
*काही न मागता गेला दाता.*

'दाता' हा शब्द सापडला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तो शब्द फार चांगला आहे हेही त्याच वेळी तिला कळत होतं.

फोटो आणि कविता नागपूरकडच्या एका साप्ताहिकात पहिल्या पानावर आली. निजामाच्या हद्दीत त्या अंकाला बंदी होती, म्हणून लोकांनी कविता हाताने उतरवून घेतली. कॅम्पात ती प्रार्थनेनंतर म्हणू लागले. बायका तिला चाल लावून गाऊ लागल्या. म्हाताऱ्याचं नाव पुढे वसंतरावांनीच शोधून काढलं, दगडोबा. आता कवितेवर 'हुतात्मा दगडोबांस' असं छापून येऊ लागलं. खाली कवयित्रीचं नाव नसे, ते धोक्याचं होतं. पण ज्यांना माहीत होतं ते सरोजिनीसमोर नेहमीपेक्षा हळू बोलत, आणि तिला ते आवडे.

महिन्याभराने वसंतरावांचा निरोप आला की सभेत टांगायला मोठा फोटो पाहिजे, पण वऱ्हाडात पाठवलेली काच वाटेत फुटली. रेणुकादास त्या दिवशी कोतवालीत एका अमिनाचा, म्हणजे फौजदाराचा, फोटो काढायला गेले होते. प्रत्येक दृश्याच्या दोन काचा घ्यायच्या ही नवऱ्याची सवय सरोजिनीला माहीत होती. तिने अंधाऱ्या खोलीतला खोका शोधला. सर्वांत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती काच मिळाली. कागदावर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हललेली. छापू नये.'

हललेल्या काचा तिच्या ओळखीच्या होत्या. जावळाच्या फोटोत रडणारी पोरं हलत, दम्याचे म्हातारे हलत. थोडंसं असलं तर पेन्सिलीने सावरता येई. तिने काच चौकटीत उभी केली, आरसा फिरवून उजेड घेतला आणि भिंग डोळ्याला लावलं.

तेच झाड, तीच भिंत. लिंबाचं पान न पान स्थिर होतं. पागोट्याच्या घड्या मोजता आल्या असत्या. भिंतीची जळकी कड अगदी सुरेख उतरली होती. काहीच हललेलं नव्हतं. मग तिचं भिंग म्हाताऱ्याच्या डोक्याशी आलं.

हात हलला होता. पहिल्या काचेत तळवा जमिनीला टेकलेला होता, इथे तो वर वळला होता. बोटं बोटांसारखी नव्हती. एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जाताना धूर ओढला जावा तशी ती ओढली गेली होती, कॅमेऱ्याच्या दिशेने.

तिने भिंग खाली ठेवलं, पुसलं, परत लावलं. परत तेच दिसलं. पेन्सिल हातातून घरंगळून भिंतीशी गेली, ती तिने उचलली नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी बर्फवाल्याशी भाव करत होतं, तो शब्द न शब्द तिला ऐकू येत होता, आणि आपण उठावं की बसून राहावं एवढंही तिला ठरवता येत नव्हतं.

रेणुकादास परतले तेव्हा ती तिथेच बसलेली होती. चौकटीत काय आहे ते त्यांनी दारातूनच पाहिलं. टोपी काढून खुंटीला लावली, पण पुढे आले नाहीत.

"हा जिवंत होता," सरोजिनी म्हणाली.

"हो."

"तुम्हाला तिथे कळलं होतं?"

"तिथे नाही. इथे. अंधाऱ्या खोलीत, काच औषधातून काढली तेव्हा." त्यांचा आवाज एकसुरी होता. "दोन काचा शेजारीशेजारी धरल्या तेव्हा दिसलं."

"हात लावून बघितला नव्हता?"

"नाही. गाडीवान घाई करत होता, रझाकार परत येतील म्हणून. मी लांबूनच मेला असं धरलं. हात लावला असता तर कळलं असतं. लावला नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

रेणुकादासांनी तिच्याकडे पाहिलं. "त्याला तिथे सोडून तीन दिवस होऊन गेले होते, सरोजिनी. आणि तू वर बसून कविता लिहीत होतीस. मी सांगायला जिना चढून आलो होतो. तू मला दोन ओळी वाचून दाखवल्यास. मग मी नाही बोललो."

तिला ते आठवलं. तिने खरंच वाचून दाखवल्या होत्या, आणि ते खाली मान घालून ऐकत होते. नवऱ्याला भरून आलंय असं तिने तेव्हा समजून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी सरोजिनीने बोरखडीला जायचं असं सांगितलं. रेणुकादासांनी तिला अडवलं नाही. म्हणाले फक्त एवढंच, "मी आलो तर चालेल ना?"

मुदखेडला गाडी बदलून ते भोकरला उतरले आणि तिथून भाड्याची बैलगाडी केली. नातलगाच्या तेराव्याला चाललोय असं विचारणाऱ्याला सांगत होते. रेणुकादासांच्या पिशवीत दोन्ही काचांचे छाप होते. ते कशाला घेतले हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

गावात आठ-दहा घरं परतली होती. जळक्या भिंतींवर कापसाच्या पऱ्हाटीची नवी छपरं टाकलेली. लिंबाला होरपळलेल्या बाजूनेही पालवी फुटू लागली होती. दगडोबाचं घर विचारल्यावर लोकांनी एका बाईकडे बोट दाखवलं. चाळिशीची, हाडापेराने मोठी, उघड्या कपाळाची बाई अंगणात भिंतीसाठी चिखल तुडवत होती.

"दगडोबा माजा बाप," ती म्हणाली. "मी नागाबाई. तुमी कोन?"

"नांदेडचे आहोत," सरोजिनी म्हणाली. "त्यांच्याबद्दल ऐकलं, म्हणून भेटायला आलो."

नागाबाईने पाय धुतले, पोतं अंथरलं, गडव्यातून पाणी आणून दिलं. शहरातले लोक एवढ्या लांब आले याचं तिला बरं वाटलं होतं. विचारावं लागलं नाही, आपणहून सांगू लागली.

"आमी समदे वढ्यात जाऊन दडलो. बापाचा गुडघा लई दुखत व्हता, त्यानं म्हनलं, तुमी व्हा म्होरं. दुसऱ्या दिशी दिवस कलल्यावर आलो, तर ह्या लिंबाखाली पडलेला. मला वाटलं गेला. हात लावला तर आंग ऊन लागलं. घाईघाईनं पानी पाजलं, दोन घोट गेले. मंग बोलला बी."

सरोजिनीचा गडवा हातातच राहिला. "काय बोलले?"

"म्हनला, नागे, सकाळपून पानी मागून राहिलो. एक जन आला व्हता. तीन पायाचा, अन् तोंडावर काळं फडकं. म्या पानी म्हनलं. त्यो नुसता हुबा. मंग निघून गेला." नागाबाईने पदराने तोंड पुसलं. "गावातले म्हनत्यात यम व्हता. मरतानी दिसतो म्हनं. दुसऱ्या दिशी कोंबडं आरवायला बाप गेला. भोकरचा डाक्टर मागून म्हनला, रगत लई गेलं. सकाळीच आनला असता तर काई करून बगितलं असतं."

ती थांबली आणि रेणुकादासांच्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "तुमी नांदेडचे, तितं फोटू काडत्यात म्हनं. माज्या बापाचा एक बी फोटू न्हाई. कदी काडलाच न्हाई."

रेणुकादास पोत्यावरून उठून जमिनीवर उकिडवे बसले.

"बाई," ते म्हणाले, "तो यम नव्हता. मी होतो. तिपाडावर कॅमेरा होता. काळं फडकं कॅमेऱ्याचं असतं."

नागाबाईला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. उन्हातून एकदम घरात आल्यावर माणूस डोळे उघडे ठेवूनही आंधळ्यासारखं बघतं, तशी ती बघत राहिली.

"पानी नव्हतं तुमच्यापाशी?"

"होतं. गाडीत भरलेली सुरई होती."

"त्यानं मागितलं ते आयकू आलं न्हाई?"

सरोजिनीने नवऱ्याकडे पाहिलं. याचं उत्तर तिलाही माहीत नव्हतं. घरी तो प्रश्न तिने विचारलाच नव्हता, तिला सुचलाच नव्हता.

"काहीतरी आवाज आला होता," रेणुकादास म्हणाले. "मागे कडबा जळत होता, त्याचा असेल असं वाटलं. माझी नजर रस्त्यावर होती. आणि मी मोजत होतो."

"काय मोजत व्हता?"

"कॅमेऱ्याचं झाकण काढलं की तीन आकडे मोजायचे, मग परत लावायचं. कमीजास्त झालं तर फोटो बिघडतो."

महिनाभर सरोजिनीला वाटत होतं की जे व्हायचं ते लांब, नजरेआड, न कळता होऊन गेलं. ते तीन आकड्यांच्या आत घडलं होतं, आणि त्या वेळी तिथे एक कान होता.

नागाबाई तिच्याकडे वळली. "आन् तुमी? तुमी काय केलं?"

"मी गाणं लिहिलं," सरोजिनी म्हणाली. "तुमच्या वडिलांवर. ते लोक म्हणतात आता."

"म्हना."

नाही म्हणायची सोय नव्हती. सरोजिनीने डोळे खाली ठेवून चारही ओळी म्हटल्या. कॅम्पात शेकडो माणसं जिच्यावर रडली होती ती हीच कविता. शेवटची ओळ आली. 'काही न मागता गेला दाता.'

"मागत व्हता की," नागाबाई म्हणाली. ती भांडत नव्हती, चूक सुधारावी तशी सांगत होती. "पानी मागत व्हता. न्हाई मागितलं असं कोन म्हनलं तुमाला?"

"कुणी नाही. मीच."

"मंग कशापायी लिवलं?"

'माथा'ला 'दाता' जुळतो हे सरोजिनी त्या बाईला काय सांगणार.

मग नागाबाईने पिशवीकडे हात केला. "बगू द्या."

रेणुकादासांनी दोन्ही छाप तिच्या हातात दिले. तिने हात आधी लुगड्याला पुसून घेतले होते. पहिला बघितला, साप्ताहिकात छापलेला, सभेत टांगायचा तो. मग दुसरा. आणि मग कितीतरी वेळ दुसराच बघत राहिली. अंगठा त्या धुरकट हाताच्या शेजारी ठेवला, वर नाही, शेजारी.

पहिला तिने परत दिला.

"ह्यो नको. ह्याच्यात मेलेला हाय." दुसरा तिने छातीशी धरला. "ह्याच्यात जित्ता हाय माजा बाप."

एवढं बोलून ती घरात गेली आणि बाहेर आली नाही. दोघं थोडा वेळ थांबले, मग गाडीकडे निघाले.

नांदेडला आल्यावर सरोजिनीने वसंतरावांना निरोप पाठवला की ती कविता थांबवा. सोबत दुसरी पाठवली. ती लिहायला तिला अकरा दिवस लागले होते, आणि तिला कविता म्हणावं का याची तिची तिलाच खात्री नव्हती.

*तीन आकडे मोजले आम्ही.*
*तेवढ्यात तो एकदा म्हणाला, पाणी.*
*आकडे बरोबर आले, बाई.*
*पाण्याचं तेवढं राहिलं.*

वसंतराव स्वतः आले. चार दिवसांची दाढी वाढलेली, पायाला फडकं बांधलेलं. ते रागावलेले नव्हते. ती रागावलेला माणूस समोर येईल म्हणून तयारीत होती, आणि समोर थकलेला माणूस बसला.

"वहिनी, दगडोबा मेले हे खरं. कुणी मारलं हेही खरं. मग तुमच्या पहिल्या कवितेत खोटं काय आहे?"

"मागितलं नाही, हे."

"ही दुसरी छापली तर उद्या हैदराबादच्या रेडिओवर हीच वाचतील. म्हणतील, बघा, यांच्याच माणसाने म्हाताऱ्याला मरू दिलं आणि फोटो काढला. ज्यांनी गाव जाळलं ते सुटतील. चालेल?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच फार वाईट होतं.

"आणि पहिली आता थांबवता येत नाही," वसंतराव उठता उठता म्हणाले. "ती तुमची राहिली नाही. माझीही नाही." दुसरी कविता त्यांनी घडी करून खिशात ठेवली. ती कुठे छापून आली नाही.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. पाच दिवसांत निजामाची सत्ता कोसळली. नांदेडात मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले गेले, चौकात 'लिंबाच्या सावलीत' गायली गेली. आणि त्याच आठवड्यात सूड सुरू झाला. ज्यांनी गावं जाळली होती त्यातले कितीतरी आधीच पळाले होते. मग ज्यांनी कुणाला बोटही लावलं नव्हतं अशांच्या वस्त्यांवर लोक चालून गेले.

दुकानाशेजारी शेरवान्या शिवणारा एक म्हातारा शिंपी बसे. तो एका सकाळी अनवाणी धावत आला. शहराबाहेरच्या त्याच्या वस्तीत रात्री कापाकापी झाली होती. "मास्टर, फोटो काढा," तो रेणुकादासांचा हात धरून म्हणाला. "नये साहब लोगां आए सो हैं, उनको दिखाना है. नहीं तो कौन मानता?"

रेणुकादासांनी कॅमेरा, तिपाड, सहा काचा टांग्यात घातल्या. निघताना सरोजिनीकडे पाहिलं. तिने पाण्याचं मडकं आणून टांग्यात ठेवलं.

ते दुपार उलटल्यावर परत आले. सदरा पुढून काळपट झाला होता. सहाही काचा कोऱ्या होत्या.

"दोघी जिवंत होत्या," ते म्हणाले. "प्रत्येकाला हात लावून बघितला. एकोणीस जणांना. त्यात दोघी निघाल्या. टांग्यात जागा पाहिजे म्हणून कॅमेरा तिथेच उतरवला, त्यांना दवाखान्यात नेलं. परत गेलो तोवर सगळे पुरून झाले होते. कॅमेराही नव्हता."

सरोजिनीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. आपण बरोबर केलं असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही.

आठ-दहा दिवसांनी वसंतराव आले. आता ते शहराच्या कमिटीवर होते. शिंप्याने अर्ज दिला होता. "रेणुकादास," ते उभ्या उभ्या म्हणाले, "तुम्ही तिथे गेला होतात. एक फोटो द्या, मी वर जाऊन भांडतो. शपथेवर सांगतो, भांडेन."

"नाही काढला."

"एकसुद्धा नाही?"

"नाही."

वसंतराव मटकन बाकावर बसले. दोन्ही हातांत डोकं धरलं. "कमिटीत सगळे म्हणतायत की तिथे काही घडलंच नाही," ते म्हणाले. "आणि उद्या तसंच लिहिलं जाईल." ते हे बोलले, आणि हे शब्द हैदराबादच्या रेडिओचे आहेत हे त्यांच्याच कानांना कळलं.

रेणुकादास भिंतीकडे बघत होते. सरोजिनीला वाटलं, याला काही तोडगा नाही. काढला तरी एक माणूस मरतं, नाही काढला तरी सतरा माणसं नाहीशी होतात.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन दवाखान्यात गेली. दोघींपैकी एक आदल्या रात्री गेली होती. दुसरी, साठीच्या पुढची, मानेपासून खांद्यापर्यंत पट्ट्या बांधलेली, भिंतीकडे तोंड करून पडली होती. सरोजिनी खाटेशेजारी बसली. बाईने वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरोजिनीने दोन्ही दिवस तिला चमच्याने पाणी पाजलं आणि वही मिटलेलीच ठेवून घरी आली.

तिसऱ्या दिवशी बाईने मान वळवली. आधी वहीकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"क्या लिखने को आतीं तुम?"

"तुम्ही सांगाल ते," सरोजिनी म्हणाली. "तुम बोलेंगे वोच. दुसरं काही नाही. नको असलं तर काहीच नाही."

बाई बराच वेळ तिचा चेहरा वाचत राहिली. शेजारच्या खाटेवर नुसती गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"तो पहले मेरा नाम लिखो," ती म्हणाली. "महबूब बी. फलाने की बेवा नक्को लिखो. महबूब बी लिखो."

सरोजिनीने वही उघडली, नाव लिहिलं, आणि महबूब बी पुढचा शब्द बोलेपर्यंत ती थांबली.